बाघ नदीपलीकडची कावीळ

कुडवा, गोंदिया
८ जून २०२५

चि. डिंपलबाईस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. सोनूची नवरी चांगली रुळली, आईला स्वयंपाकघरात शिरूच देत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र टेकचंदमामांच्या हाती सकाळच्या बालाघाट गाडीनं पाठवतोय. राग राहू दे, पण फाडण्याआधी वाच.

आधी कामाचं. आमच्या साथरोग कक्षात काविळीचे रुग्ण कळून राहिलेत. एक या गावचा, दोघे त्या गावचे. साथ म्हणावी असं कुठेच दिसेना. तू तिकडे नर्स, तुझ्या दवाखान्यातही असेच तुरळक येत असतील. आमच्या राज्याचा रुग्णतक्ता बाघ नदीपाशी संपतो, तुमच्या राज्याचा पलीकडून सुरू होतो. एकमेकांचं कोण बघतं? शेवटी मी प्रत्येकाला विचारलं, महिना-दीड महिन्यात बाहेर कुठे जेवलात? सगळे म्हणाले, तुमच्याच घरी. सोनूच्या लग्नात.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

बाबा म्हणतात, "डिंपलच्या सासरकडच्यायनंच आणली कावीळ." हेच ते तुझ्या सासऱ्यांना फोनवर बोलले आणि तू आमच्याशी बोलणं टाकलंस. पण बाई, आजार आपल्याच विहिरीतला आहे. नव्या संडासाचा खड्डा तिला लागूनच खणला होता. पाण्याचा नमुना खराब निघाला. अहवालात मी आपल्याच घराचं नाव लिहिलं, तर बाबा ओरडले, "घरची गोष्ट सरकारात कायले सांगून राहिला?" आता माझ्याशीही बोलत नाहीत. न बोलू देत.

तुझ्याकडचे रुग्ण लग्नाला आले होते का, विचार आणि लगेच कळव. तुमच्या डॉक्टरसाहेबांनाही हे पत्र दाखव. माहेरची अब्रू वगैरे मनात आणू नकोस.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. ही कावीळ गरोदर बाईला फार वाईट. तुला सातवा लागला ना? भूक मेली असेल, लघवी पिवळी होत असेल, तर रागापायी लपवू नकोस. काहीच त्रास नसला तरी उद्याच रक्त तपासून घे. मला भीती वाटते, डिंपल. फार वाटते.

लग्नाचं सरबत त्याच विहिरीच्या पाण्याचं होतं. तू नको नको म्हणत होतीस.

फोन उचल गं.

तुला दुसरा ग्लास आग्रहानं पाजणारा,
तुझा दादा,
उमेंद्र