आधी नळ बंद करा

अब्बा, काल मी तुमच्या नातीसाठी शाळेत भांडून आले. अगदी हमरीतुमरीवर नाही, पण आवाज चढला. शिपाई दारात येऊन डोकावून गेला, इतका चढला. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. आज लातूरला आमच्या गल्लीत नळाचा दिवस आहे, आठवड्यातून एकदाच पाणी येतं. एक ड्रम भरला की नळी दुसऱ्यात टाकायची, असं सकाळपासून चाललंय आणि मधल्या वेळात मी ओट्याशी उभी राहून हे लिहिते आहे. बसवतच नाही. तुमचे जावई औशाला दुकानावर जाता जाता म्हणाले, "इत्ता क्या दिल को लगा ले रई? तीसरी में च है छोकरी, कलेक्टर की परीक्षा नै दी उसने." त्यांचं बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच जास्त राग आला.

झालं असं की शाळेनं यंदा चौथीपासून हुशार मुलांची वेगळी तुकडी काढायचं ठरवलं. वेगळे शिक्षक, प्रयोग, पुढच्या परीक्षांची आतापासून तयारी. असल्या गोष्टीमागं इथले आईबाप कसे धावतात ते तुम्हाला सांगून पटायचं नाही, आणि मी त्यांच्यात सगळ्यात पुढं. लेखी परीक्षा हिनं चांगली दिली. मग तोंडी. बाईंनी एका स्वयंपाकघराचं चित्र समोर ठेवलं आणि विचारलं, यात काय काय चुकलंय? खुर्चीला तीनच पाय होते, घड्याळाला एकच काटा, मांजराला दोन शेपट्या. कोपऱ्यात मोरी आणि तिच्यावर सोडलेला नळ. हिनं सांगितलं, नळ चालू आहे आणि खाली कुणी भांडं लावलेलं नाही. चित्र काढणाऱ्याच्या मनात नळाचं काहीच नव्हतं, तो नुसता जागा भरायला काढलेला. यादी लागली, तिच्यात हिचं नाव नव्हतं. तिच्याच तोंडून हे सगळं ऐकलं तेव्हा मला वाटलं, सापडलं! हुशारी म्हणतात ती हीच, आणि यांना ती दिसली नाही. फेरविचाराचा अर्ज केला. मुख्याध्यापकांनी भेटायला बोलावलं. भेटीपर्यंत रोज भाकरी थापता थापता मनात भाषण चालू होतं. ऐन रंगात आलं की भाकरी करपायची.

आणि त्या भाषणात दर वेळी तुम्ही मधे यायचात. नांदेडचं आपलं गादीचं दुकान. मी चौथीत आहे. गुरुजींनी स्कॉलरशिपच्या जादा तासासाठी मुलं निवडलीत आणि मला वगळलंय. तुम्ही कापूस पिंजताय, भुवयांवर, दाढीवर, सगळीकडं कापूस. अम्मी पडद्याआडून म्हणते आहे, जाके बोलो ना एक बार. तुम्ही हात न थांबवता म्हणता, "मास्टरां देख के च ठैराए हुंगे. मैं क्या बोलूं जाके?" मग माझ्याकडं बघून, "रोती कायकू? चल, वो खोल पकड." मी गादीची खोळ धरून उभी राहिले, तुम्ही तिच्यात कापूस भरत राहिलात. गुरुजींच्या घरच्या गाद्या तुम्हीच भरायचात. त्यांच्या दारात पोरीसाठी उभं राहणं तुम्हाला जड गेलं असेल, हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं, की तुम्ही गेला नाहीत. त्याच आठवड्यात तुम्ही मला शाळेत बसायला नव्या कापसाची चौकोनी गादी करून दिलीत, लाल काठाची. वर्ग नाही मिळाला, गादी मिळाली. कुणाला सांगितलं तर म्हणतील, अगं, तीच त्यांची बोलायची रीत होती. असेल. मला नाही कळली. मला तोंडानं बोललेलं हवं होतं.

म्हणून काल मी गेले. मुलगी बाहेर बाकावर, मी आत. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि हसू आवरत म्हणाले, "मॅडम, तुमचं खरं हाय. पण त्या दिवशी आलेल्या सगळ्याच लेकरांनी पहिल्यांदा नळच सांगितला. एकानं बी सोडला न्हाई. लातूरची लेकरं हायती ती." आठवडाभर घोकलेलं भाषण तिथंच पाण्यात गेलं. नांदेडला गोदावरीकाठी वाढलेल्या मला जे विशेष वाटलं, ते इथं घरोघरचं होतं. ते पुढं म्हणाले, "नळानंतर ज्यांनी खुर्ची सांगितली, घड्याळ सांगितलं, त्यांना घेतलं. तुमची मुलगी पुढं जाईचना. बाई विचारून राहिल्या, अजून काय, अजून काय, अन् ही म्हणती, आधी नळ बंद करा."

मला हसू यायला हवं होतं. मी म्हटलं, "सर, माझी मुलगी हुशार आहे." ते म्हणाले, "कोण न्हाई म्हणतंय?" मी म्हटलं, "तुमची यादी म्हणते." आणि मग मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं, आणखी एकदा. दुसरं काही सुचतच नव्हतं. शिपाई डोकावला तो तेव्हा. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "यादी बदलायची न्हाई मॅडम. पुढच्या वर्षी बघू." मी उठले. नमस्कार करायचाही राहिला.

ही गाडीवर मागं बसली. चिडली की ही माझ्याशी शाळेची मराठी बोलते, म्हणून मी कान देऊन होते. चौक ओलांडल्यावर म्हणाली, "अम्मी, सर नै बोले ना?" मी हौ म्हटलं. थोड्या वेळानं माझी ओढणी ओढून म्हणाली, "तू मेरेकू हुशार बोली. कित्ते जोर से बोली! शिपाईमामा भी सुने." आवाजात रडणं नव्हतं, अब्बा. खूश होती ती. मग उसाचा रस हवा म्हणाली. मी गाडी थांबवली, ती दोन ग्लास प्यायली आणि तिनं रसवाल्याला आपण होऊन सांगितलं, की तिची आई सरांशी भांडून आली. मी तोंड वळवून उभी राहिले. मला रडू आवरेना.

इतकी वर्षं मी धरून बसले होते, की तुम्ही जायला हवं होतं, गुरुजींना पटवायला हवं होतं, मला त्या वर्गात बसवायला हवं होतं. त्यातलं काही तुमच्या हातात नव्हतं, जसं काल ते माझ्याही हातात नव्हतं. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, मेरी छोकरी हुशार है. गुरुजींच्या दारात नाही, आपल्या दुकानात, समोर गिऱ्हाईक असताना, कापूस पिंजता पिंजता. तुम्ही कधी म्हणाला नाहीत. तुम्हाला तसं वाटतच नव्हतं का, हे मला विचारायचं होतं. लग्न होऊन लातूरला आले, दर ईदला नांदेडला येत राहिले, दर वेळी ठरवून यायची आणि शीरखुर्मा खाऊन परत जायची. तुमच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून होते, तेव्हाही विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणाल, याची भीती वाटली.