मागची खोली रिकामी करण्याची रीतसर पद्धत

१ डिसेंबर, सकाळी ७.१०
आठवडाभर आभाळ दाटलेलं, मन त्याहून. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी काल एक लेख वाचून दाखवला. हिवाळ्यात मरगळ येते, घरातला पसारा काढला की मूड सुधारतो. पटलं. मागची खोली रिकामी करणार. पंचवीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलेल्या माणसाला एक खोली म्हणजे हातचा मळ.

संध्याकाळी
बायकोला सांगितलं. ती पॅसेजमध्ये मशीनवर गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होती. म्हणाली, घरात ऊन येतं ते फक्त त्याच खोलीच्या खिडकीत, आणि खिडकी तुमच्या सामानामागे. पॅसेजच्या गारठ्यात बोटं आखडतात, सुई दिसत नाही. पंधरा तारखेपर्यंत खोली मिळाली तर उपकार होतील. मी शब्द दिला. म्हणाली, हा सातवा हिवाळा. मोजत बसायची तिला सवयच आहे.

३ डिसेंबर
दणक्यात सुरुवात. अजून काही टाकलेलं नाही. नोंदीशिवाय वस्तू हलवणं म्हणजे अंदाधुंदी. रजिस्टर आणलं. फॉर्म तयार केला: वस्तू, बाहेर काढण्याचं कारण, अर्जदाराची सही, मंजुरी (मी). शंभर प्रती काढल्या. त्या ठेवायला छोटं कपाट घेतलं. मागच्या खोलीत बरोबर बसलं.

६ डिसेंबर, रविवार
चार तासांत तीन छत्र्या तपासल्या. एकही उघडत नाही, पण दांडे उत्तम. कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, बाबा, जी उघडत नाही ती छत्री नव्हे, काठी. मुद्दा बिनतोड. 'काठ्या, तीन' अशी नोंद करून ठेवून दिल्या.

९ डिसेंबर
थोरल्या भावाला फोन केला की तुझा बंद रेडिओ घेऊन जा. दादा लगेच आला. रेडिओ बघून त्याला भरून आलं. रेडिओ इथेच राहू दे म्हणाला, आणि गाडीतून स्वतःचा बिघडलेला पंखा आणून शेजारी ठेवला. म्हणाला, तुझ्याकडे वस्तू जीव लावून सांभाळल्या जातात. खरं आहे. नाही म्हणवेना.

१२ डिसेंबर
बायकोने विचारलं, आतापर्यंत घराबाहेर काय काय गेलं. समजावलं की सध्या पाया घालणं चालू आहे. ती वाद घालेल असं वाटलं होतं. उलट तिने शांतपणे एक कोरा फॉर्म मागितला. शेवटी घराने पद्धत स्वीकारली. मला काय आनंद झाला.

१४ डिसेंबर, सकाळी ८.५०
बस पकडायची घाई. बायकोने चहाबरोबर भरलेला फॉर्म पुढे केला. उभ्या उभ्या सही ठोकली. लेक म्हणाली, बाबा, वाचा तरी. तिला सांगितलं, ऑफिसात रोज चाळीस सह्या करतो, वाचत बसलो तर काम कधी करू. ती तोंडावर हात धरून आत पळाली. सर्दी झाली असावी.

१५ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०
घरी आलो तर पॅसेज लख्ख मोकळा. चपला काढताना अंग चोरावंसुद्धा लागलं नाही. मूड एकदम सुधारला. लेखात तथ्य आहे.

६.३५
मशीन नाही. लेक म्हणाली, रजिस्टर बघा. 'घराबाहेर गेलेल्या वस्तू' या पानावर नोंद क्रमांक एक, बायकोच्या सुबक अक्षरात. वस्तू: शिवणाचं मशीन. कारण: ऊन हवं. शेजारी कालचा फॉर्म चिकटवलेला, मंजुरीच्या रकान्यात माझी झोकदार सही. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला गॅलरीतला कोपरा दिलाय. आता दिवसभर तिथेच शिवणार. प्रक्रियेत एकही चूक सापडली नाही. दोनदा तपासली.

२० डिसेंबर, रविवार, दुपारी ३.३०
लेक मैत्रिणीकडे, बायको वर. छतातून मशीनची घरघर येते. पॅसेजमध्ये होतं तेव्हा हा आवाज नको म्हणून मी दार लावून घ्यायचो. आज टीव्ही बंद करून ऐकत बसलो.

मग उठलो आणि मागच्या खोलीत शिरलो. फॉर्म नाही, रजिस्टर नाही. पंखा, रेडिओ, कपाट ओढून बाजूला केलं. खिडकीपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. काच पुसली तर थेट जमिनीपर्यंत ऊन.

धावत वर गेलो. बायकोला सांगितलं की आपल्या मागच्या खोलीत फार सुंदर ऊन येतं. तिने मान वर न करता दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, हो का.

खाली येऊन उन्हात एकटाच बसलो. मूड काही सुधारला नाही.