रविवारी पाहिलेलं घर

सोमवार, संध्याकाळ. चांदे.

काल राहायला आलो. आज सकाळी खिडक्या थरथरल्या आणि टेकडीमागून धूळ आली. दूध घालणाऱ्या मावशींना विचारलं.

"खडीचं क्रशर हाय. रविवारी बंद असतंय. सुधीरसायबांनी सांगितलं न्हाई व्हय?"

नाही सांगितलं. हा फ्लॅट आम्हाला विकणारा सुधीर, कॉलेजपासूनचा मित्र. दर वेळी रविवारीच बोलवायचा, गरम भजी खाऊ घालायचा. आम्ही नोकरदार, घरं रविवारीच बघणार! हिच्या दम्यासाठी मोकळी हवा हवी होती, हे त्याला माहीत नव्हतं? होतं. चांगलं माहीत होतं.

फोन केला. "सवय होते रे," म्हणाला.

"मग तू का सोडलंस?"

फोनवर बावधनच्या त्याच्या नव्या घरातली शांतता अगदी स्वच्छ ऐकू आली.