माझं घर कोणीही घेऊ नये

मी, पारथेना तोपालीदू, कैलासवासी सावासची बायको, वय एकोणऐंशी, राहणार कावाला, तंबाखूच्या जुन्या वखारीमागची वरची आळी, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची चौकशी कायदा करत नाही. कोणी धाक घातलेला नाही. शाळा चारच इयत्ता झाली, तेव्हा अक्षराला हसू नये. वकिलीणबाईंनी बजावलं आहे की सगळं स्वतःच्या हातचं हवं आणि खाडाखोड नको, म्हणून चुका जिथल्या तिथे राहू दिल्या आहेत.

एक. माझे वारस दोन. मुलगा इओर्दानिस आणि मुलगी केर्याकी, जी श्टुटगार्टला असते. इओर्दानिसची मुलगी नऊ वर्षांची. आमच्यात आजीचं नाव नातीला देतात, म्हणून तीही पारथेना तोपालीदू. हे पुढे कामाला येणार आहे, विसरू नका.

दोन. मिळकत म्हणजे घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरीतून समुद्र दिसतो. सावासने आणि मी एकोणतीस वर्षं वखारीत तंबाखूची पानं निवडून ते बांधलं. नखांतला पिवळेपणा अजून गेलेला नाही. घर बँकेकडे गहाण आहे. का, ते लिहिते, म्हणजे माझ्यामागे कोणी मसाला लावून सांगायला नको.

सन दोन हजार सातमध्ये इओर्दानिसला फ्रीज-दुरुस्तीचं दुकान मोठं करायचं होतं. बँकेतला पोरगेला साहेब घरी आला, माझ्या हातची कॉफी प्यायला आणि म्हणाला, "आजी, युरोत कर्ज घेऊ नका, स्विस फ्रँकमध्ये घ्या. व्याज निम्मं. फ्रँक म्हणजे डोंगर हो, जागचा हलत नाही."

मी म्हटलं, "माझी पेन्शन युरोत, आमचं गिऱ्हाईक युरोत. मग त्या डोंगराशी आमचं नातं काय?"

इओर्दानिस म्हणाला, "आई, तू सही कर. सगळी आळी घेतेय."

सगळी आळी घेत होती हे खरं आहे. मी सही केली. तारण माझं, म्हणून कर्ज माझ्या नावावर आणि सही माझी. साहेबाने जाताना अंजिरांचा डबाही नेला. त्याला मी माफ केलेलं नाही, आणि डब्याचंही लिहून ठेवते.

मग देशावर संकट आलं. दुकानात गिऱ्हाईक येईना. माझी पेन्शन पाचदा कापली. घराचा कर विजेच्या बिलात घातला, म्हणजे कर नाही भरला तर अंधार. आणि इकडे डोंगर चालायला लागला. पंचावन्न हजार युरोंचं कर्ज होतं. आठ वर्षं हप्ते भरले. या जानेवारीत फ्रँकने उडी मारली आणि बँकेने कळवलं की एकाहत्तर हजार बाकी. इओर्दानिस कागद उलटा करून बघत होता, मागे काही बरं लिहिलंय का म्हणून.

युरोच्या आधी आमचं नाणं द्राख्मा होती, तेव्हा आमचं सरकार लबाड होतं. अडलं की द्राख्मा स्वस्त करायचं. पाव महागायचा, आम्ही शिव्या द्यायचो, पण ज्याला शिव्या द्यायच्या तो अथेन्सला असायचा. आता नाणं एकोणीस देशांचं, त्याची किल्ली फ्रँकफुर्टच्या मोठ्या बँकेत, आणि तिथल्यांना कावाला कुठे आहे हेही ठाऊक नसणार. नाणं स्वस्त करता येत नाही, म्हणून माणूस स्वस्त केला.

तीन. केर्याकी, तुझा नवरा योखेन. तू फोनवर म्हणालीस, "आई, तो म्हणतो, तुम्ही लोकांनी आधीच नीट कर भरले असते तर?" मी तुला म्हटलं, "माझा कर पगारातून कापूनच हातात पैसे यायचे. त्याला सांग, आमच्याकडेही तोच युरो आहे. तुमच्याकडे तो घरचा, आमच्याकडे पाहुणा." तू हसलीस, पण त्याला सांगितलं नाहीस. माणूस वाईट नाही. त्याला मी विणलेले मोजे दिले आहेत.

चार. भांडीकुंडी, शिवणयंत्र, सावासचं घड्याळ, माझ्या कानातले हे सगळं हयातीतच वाटून टाकलं आहे. मी गेल्यावर घरातून चमचासुद्धा उचलू नका. चमचा उचलला तर वारसा घेतला असं धरतात, असं वकिलीणबाई म्हणाल्या. प्रेतयात्रेचे पैसे आधीच दिले आहेत. बँकेत तीनशे चाळीस युरो आहेत, पण सरकारने सध्या बँका बंद केल्या आहेत. माझ्याकडे कार्ड नाही, तेव्हा उन्हात रांग लावून आठवड्याचे एकशेवीस मिळतात. राहिले तर त्यांनाही हात लावू नका.

पाच. आता मुख्य. हे घर मी कोणालाच देत नाही, आणि कायद्याने ते तुमच्याकडे आलं तर तुम्ही नाकारायचं. घर घेतलं की कर्जही घेतलं, वर कर. घराची किंमत निम्मी राहिली आहे आणि गिऱ्हाईक शून्य.

शेजारच्या एवान्थियाचं बघा. तिचा नवरा गेला, मुलाने कोर्टात जाऊन कर्ज नाकारलं आणि घरी येऊन पेढे वाटावेत तसा आनंद केला. बापाने नाकारलं की वारसा त्याच्या पोराकडे जातो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. नाकारायची चार महिन्यांची मुदत गेली. मग एवान्थिया गॅलरीतून ओरडली, "पारथेना, अगं माझ्या नातवाला सरकारचं पत्र आलंय! दात आले नाहीत अजून, आणि थकबाकीदार!" मी हसले. ती रडत होती, ते नंतर कळलं.

म्हणून इओर्दानिस, आधी स्वतःचं नाकार. लगेच पोरीचंही. लहान मुलासाठी न्यायाधीशाची परवानगी लागते आणि त्याला वेळ जातो, म्हणून माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेचीही वाट बघू नकोस. पत्र 'पारथेना तोपालीदू' नावाने येईल. म्हातारीचं जुनं पत्र समजून कोणी बाजूला टाकू नये. केर्याकी, परदेशात म्हणून तुला वर्षभर मुदत आहे, पण तूही त्याच महिन्यात उरक. माझा भाऊ लाझारोस आणि त्याच्या मुलांनाही कळवा, नंतर पाळी त्यांची.

सहा. इओर्दानिस परवा म्हणाला, "मी हे घर सोडणार नाही. माझ्यामुळे बुडालं, मीच फेडीन."

मी म्हटलं, "कशाने? बेकार भत्त्याने?"

"बघू."

"बापासारखाच गाढव आहेस."

"मग बापाचंच घर आहे ना?"

याचं उत्तर इथे लिहिते. देशाला कर्ज देणाऱ्यांच्या अटी मानायच्या का, यावर या पाच तारखेला देशाने मतदान केलं. मीही काठी टेकत गेले आणि 'नाही'वर खूण केली. देश 'नाही' म्हणाला. आठ दिवसांत आमच्याच सरकारने तिकडे जाऊन त्याचं 'हो' करून आणलं. आमचं 'नाही' मोजलं, पण ऐकलं कोणी नाही. कोर्टातला कारकून मात्र 'नाही' लिहून घेतो, शिक्का मारतो, पावती देतो. आपल्यासारख्यांना एवढं एकच 'नाही' उरलं आहे. तुझ्या पोरीसाठी ते म्हण. आई म्हणून सांगत नाही, घराची मालकीण म्हणून सांगते.

वरचं सगळं आज त्याला वाचून दाखवलं. खाली मान घालून ऐकलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मग उठला आणि कॉफीवाल्या प्रोद्रोमोसकडून शिडी मागून आणली. उत्तरेच्या कोपऱ्यातली चार कौलं फुटली आहेत, हिवाळ्यातल्या पावसाआधी बदलायची म्हणतो. आत्ता वर ठोकाठोक चालली आहे. माझ्या कागदावर माती पडते आहे. मी काय करणार? सही करते.

सही: पारथेना तोपालीदू
स्थळ: कावाला
दिनांक: १६ जुलै २०१५, गुरुवार

कायद्याला अशा कागदावर साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार: एवान्थिया कार्यपीदू, शेजारीण
साक्षीदार: प्रोद्रोमोस सेफेरीदिस, कॉफीचं दुकान (शिडी याचीच)