बजीची भरलेली वाटी

माझ्या तोंडाला कुलूप लावलंय, माय, अन् तेबी मुठीत मावंल एवढ्या पाखरासाठी. मोठ्यानं बोलायचं न्हाई. भांडं आदळायचं न्हाई. पंखा लावायचा न्हाई, मंग जीव उकडून गेला तरी चालंल. देवापुढं उदबत्ती लावायची न्हाई, ती गॅलरीत जाऊन लावायची, म्हणजे देव घरात अन् त्याचा वास रस्त्यावर. मिरचीची फोडणी द्यायची असली तर आधी सैपाकघराचं दार लावायचं, खिडकी उघडायची अन् मंग आपलं आपण ठसकत बसायचं. कोण सांगतंय हे? माझी नात, सहावीतली पोरगी. तिला कोण सांगतंय? मोबाइल. तू बरी हायेस का म्हणून मी विचारत न्हाई. मेलेल्या माणसाला बरं काय अन् वाईट काय. माझं सांगते ते ऐक.

मी आता मंठ्याला लेकापाशी राहते. वरच्या मजल्यावर घर हाये, खाली बँकेतला एक साहेब राहत होता. त्याची बदली झाली. त्यांचं सामान ट्रकात चढलं अन् पाखरू आमच्या दारात आलं. त्याची बायको पिंजरा घेऊन आली, दाण्याची पिशवी दिली, माझ्या नातीच्या गालावर हात फिरवला अन् म्हणली, "वाटी कधी रिकामी ठेवू नको हं बेटा." झालं. आम्हाला कोणी विचारलं न्हाई, पाखराला तर बिलकुलच न्हाई. निळं पोट, पांढरं तोंड, पाठीवर लुगड्याच्या काठावानी काळ्या रेघा. दिसायला बरं हाये, ते मी नाकबूल करत न्हाई. सारी गल्ली त्याला लव्हबर्ड म्हणती. मीबी म्हणलं, तर नात माझ्यावर धावून आली.

"आजी, लव्हबर्ड वेगळे असतात. हे बजी हाये."

"भजी?"

"बजी, आजी! ब, ब!"

"मंग कांद्याचं का मिरचीचं?"

सून ओट्यापाशी तोंड दाबून हसली. नात हसली न्हाई. तिनं पिंजरा उचलला, भिंतीला लावून टेबलावर ठेवला, एका बाजूनं माझी धुतलेली चादर टाकली अन् सांगितलं की पाखरू नव्या घरात रुळंपर्यंत त्याच्यापाशी कोणी गलका करायचा न्हाई, हात घालायचा न्हाई, टक लावून बघायचं न्हाई. माझी चादर! मी म्हणलं, बाई, नव्या सुनेचेबी एवढे लाड होत न्हाईत. तर म्हणती, "ते घाबरलंय, आजी." घाबरलंय. आम्ही नांदायला गेलो तेव्हा आम्हाला घाबरायला तरी सवड होती का?

आपल्याकडं धावड्याला नवी कोंबडी आली की तू काय करायचीस ते मला आठवून राह्यलं होतं. पायावर कोमट पाणी घालायचीस. काखोटीला मारून चुलीभोवती फिरवायचीस अन् तिला बजावायचीस, "ही चूल, हे घर. अंडं इथंच घालायचं. शेजारणीकडं गेलीस तर रस्सा करीन." मंग डालग्याखाली झाकून मोकळी. दुसऱ्या दिवशी कोंबडी आपली. मला वाटलं, कोंबडी काय अन् बजी काय, पंखाचीच जात. नात शाळेत गेल्ती. मी पिंजरा उचलला अन् सैपाकघरात नेला. आता चुलीभोवती फिरवावं तर गॅस भिंतीला चिकटलेला. भोवती जायचं कुठून? मंग ओट्यापुढूनच इकडून तिकडं अन् तिकडून इकडं फिरवत बसले, अन् तोंडानं म्हणून राह्यले, हे घर, हा गॅस, हे सिलेंडर. पाखरानं असा थयथयाट केला की पिंजऱ्याच्या गजांना धडका. पिसं उडाली, पाणी माझ्या अंगावर सांडलं. नेमकी तेव्हाच नात दारात.

"आजी, काय करून राह्यली तू?"

"घर दाखवून राह्यले त्याला."

"त्याचं काळीज फुटंल ना! मरंल ते!"

"असं फिरवून कोंबडी मेलेली मी तर पाहिली न्हाई."

"ते कोंबडी न्हाई!" म्हणून तिनं पिंजरा माझ्या हातातून हिसकला अन् घळाघळा रडायला लागली. सून मला काही बोलली न्हाई. तिनं नुसती फरशी पुसली. बोलली असती तर बरं झालं असतं, मलाबी चार शब्द बोलता आले असते. त्या दिवसापासून मला पिंजऱ्यापाशी जायची बंदी. त्या घरात, जिथं माझीच चादर त्याच्यावर पांघरलीय.

अन् पाखरू काही रुळंना. कोपऱ्यात दांडीवर अंग आवळून बसायचं. आवाज न्हाई, चिवचिव न्हाई. नात फरशीवर मांडी घालून तासन् तास बसायची, पिंजऱ्याच्या दारातून राळ्याचं कणीस धरून. हो, राळंच. दुकानवाला कांगणी म्हणतो त्याला. आपण त्याचा भात करून खाल्ला, आता साहेबाचं पाखरू खातं. खातं कसलं, तोंडबी लावत न्हव्तं. रोज सकाळी नात वाटीत डोकावायची अन् म्हणायची, "जशीच्या तशी हाये, आजी. काहीच खाल्लं न्हाई." वाटी काठोकाठ भरलेली मीबी लांबून बघायची. खात न्हाई म्हणता तर एवढी घाण कुठून करतंय, असं एकदा माझ्या मनात आल्तं. पण या घरात माझ्या मनातलं कोण विचारतं. पाखरू खाईना म्हणून पोरगी खाईना. ताटातली पोळी मोडायची अन् पिंजऱ्याकडं बघत बसायची. शेवटी लेक वैतागला. म्हणला, रविवारी पिंजरा जालन्याला दुकानात देऊन येऊ, तिथं त्याच्या जातीची ढीगभर हायेत. त्या दुकानात एका पिंजऱ्यात किती पाखरं कोंबतात ते नातीनं पाहिलंय. ती उठून गॅलरीत गेली.

शनिवारी सकाळी पाखरू दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाला बसलं. मान खाली घालून टोचून राह्यलं होतं. लेक म्हणला, संपलं हे. नात मुसमुसत शाळेत गेली. मला आला राग. पाखराचा, माय, दुसऱ्या कोणाचा न्हाई. म्हणलं, भरली वाटी पुढ्यात असून उपाशी मरायचं सोंग करतंस? माजलास? तुझ्यापायी माझी पोरगी वाळून राह्यली. बंदी गेली चुलीत. मी पिंजऱ्यात हात घातला अन् वाटीच बाहेर काढली. म्हणलं, गच्चीवरच्या चिमण्यांना टाकते, त्यांना तरी किंमत असंल.

वाटी हातात घेतली अन् हाताला कळलं. वजनच न्हाई. भरलेली वाटी, अन् हातात काही न्हाई. फुंकर मारली तर सगळं उडालं. माझ्या तोंडावर, लुगड्यावर, फरशीवर, सगळी टरफलं. खाली वाटीचा तळ दिसला, चाटून पुसून. एक दाणा न्हाई. पाखरू दाणा सोलून खातं अन् टरफल तिथंच वाटीत टाकतं. आम्ही कोणी बघत नसू तेव्हा ते बिचारं खाऊन बसलं होतं, अन् आम्ही टरफलांची रास बघून म्हणून राह्यलो होतो, जशीच्या तशी. आज तळाला उतरलं होतं ते मरायला न्हाई, सांडलेला एखादा दाणा हुडकायला. सारा जन्म मी सूप धरून पाखडलं. फोल वर येतं अन् दाणा खाली जातो हे मला तू शिकवलंस, तेव्हा माझे दुधाचे दात पडले न्हव्ते. अन् मला, मला कळू नये! मी त्याला माजलास म्हणले. एवढी चीड आली मला की वाटी आदळली. आदळायची न्हाई तरी आदळली.

पिशवीतलं राळं ओतलं. हात बाहेर काढायच्या आधीच पाखरू वाटीवर. भीती न्हाई, लाज न्हाई, माझ्या बोटाला पाय लावून खाऊन राह्यलं. कट कट कट, टरफलं माझ्या मनगटावर उडून राह्यली. सून धावत आली. मी तिला नुसती फरशी दाखवली. ती म्हणली, "अगं बाई, आई, आपण उपाशी मारत होतो त्याला!" मी म्हणलं, आपण न्हाई, आपले डोळे. दुपारी नात आली, तिला सांगितलं. ती आधी पाखराला बिलगायला गेली, मंग थांबली, मंग मला बिलगली. मी म्हणलं, सोड, राळं टोचतंय. जालन्याला जायचं रद्द झालं. पण पंखा अजून बंदच हाये, अन् उदबत्ती गॅलरीतच.

आता तुझ्याशी माझं जे भांडण हाये त्यावर येते. तुला आठवंल. माझ्या लग्नाला वरीस झालं न्हव्तं अन् तू हसनाबादला मला बघायला आल्तीस. तू वसरीवर बसलीयेस, गुळाचा चहा पितीयेस. सासू तुला कणग्या दाखवती, ज्वारीनं गच्च भरलेल्या. म्हशी दाखवती. मंग म्हणती, "इनबाई, पोर कामाला वाघ हाये. पण जीभ? नुसती कात्री." मी आत भाकरी थापतीय, मला सगळं ऐकू येतंय. तू उठून चुलीपाशी येतीस. मला वाटतं आता तू विचारशील, जेवलीस का. त्या घरात आधी गडी जेवायचे, मंग लेकरं, मंग सासू, मंग थोरली जाऊ, मंग मी. टोपलंभर भाकरी मी थापायची अन् माझ्या वाट्याला आली तर कोरकभर, त्याच्यावर कालवणाच्या गाडग्याची खरवड. तू माझ्याकडं बघितलंस. टोपल्याकडं न्हाई बघितलंस. म्हणलीस, "भरल्या घरात दिलंय तुला. तोंड आवर." अन् बाहेर गेलीस. भरल्या घरात! तुझ्याएवढं सूप आख्ख्या धावड्यात कोणाला चालवता येत न्हव्तं अन् तू एक फुंकर मारून बघितली न्हाईस. हे मी तुला जित्तेपणी बोलले न्हाई. तू आवर म्हणलीस, मी तुझ्यापुढं तेवढं आवरलं. बाकी जगापुढं न्हाई.

पण आज पाखरू खाऊन राह्यलं अन् मी बघत बसले, तेव्हा दुसरंच आठवलं, अन् तेव्हापासून डोकं फिरलंय. त्याच दिवशी परतीच्या मोटारीपाशी तुला सोडायला आले तर तू पदराची गाठ सोडलीस. भाजलेले शेंगदाणे अन् गुळाचा खडा. माझ्या ओंजळीत दाबलंस अन् म्हणलीस, "एकलीनंच खा. कोणाला दाखवू नको." मी म्हणलं, माहेरचा खाऊ. एवढाच अर्थ काढला अन् इतकी वर्सं तोच धरून बसले. पण कणग्या भरलेल्या घरात कोणी पोरीला दाणे लपवून खायला सांगतं का, माय? म्हणजे तुला कळलं होतं. अन् कळलं होतं तर चुलीपाशी तोंड आवर काहून म्हणलीस? सासू ऐकून राह्यली होती म्हणून? का मला खरंच गप करायचं होतं? ते दाणे तू धावड्याहून माझ्यासाठी बांधून आणले होते, का ती तुझी वाटेची शिदोरी होती अन् माझं तोंड बघून तू ती सोडलीस? घरून आणले असले तर तुला आधीपासून ठाऊक होतं अन् तरी नांदायला ठेवलंस. शिदोरी असली तर तू त्या दिवशी उपाशी घरी गेलीस. राग कोणता धरायचा ते यावरच ठरंल, अन् मला या वयात उगंच चुकीचा राग धरायचा न्हाई.

संध्याकाळी मी सुनेला विचारलं, "जेवलीस का दुपारी?" म्हणली, हो. मी उठून पोळ्यांचा डबा उघडून बघितला. "काय झालं, आई?" "काही न्हाई, बघून राह्यले." तिनं अर्धीच पोळी खाल्ली होती. वजन कमी करून राह्यली म्हणे. घ्या. एका घरात किती जणांच्या वाट्या फुंकायच्या मी?

हे पत्र मी कुठं टाकणार न्हाई. तू तर अंगठेबहाद्दर, अन् माझी जोडाक्षरं नातीलाबी लागत न्हाईत. एक मात्र खरं सांगते, ते दाणे खवट होते. तरी गोठ्यामागं उभी राहून मी सगळे खाल्ले, एक खाली सांडू दिला न्हाई. तिकडं बा हाये, त्याला थोडं वाचता येतं, तो हे हातात घेऊन बसंल अन् म्हणंल, जाऊ दे, झालं गेलं. त्यानं मधी पडायचं न्हाई. माझ्या सासूनं तर बिलकुल तोंड उघडायचं न्हाई. दाणे तुझ्या पदरात होते. उत्तर तूच द्यायचं.