झावळ्यांच्या रविवारी चुकलेली चाल

नजा बूलस, मिन्या
सोमवार, ९ एप्रिल २०१८

प्रिय अबादीर,

ख्रिस्त उठला आहे! "खरोखर उठला आहे" असं उत्तर तू देणार नाहीस हे मला माहीत आहे, पण सणाच्या या पन्नास दिवसांत दुसऱ्या कशाने पत्र सुरू करायला माझी जीभ वळत नाही. आम्ही खुशाल आहोत. एस्तेरचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं. आज शम्म अन-नसीम, वसंताचा सण. अख्खं गाव खारवलेला मासा आणि कांद्याची पात घेऊन नदीकाठी गेलंय. आम्ही दोघंच घरी आहोत, कारण हे पत्र आज पुरं करायचंच असं मी ठरवलंय.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे हे तू ओळखलं असशील. मी सांगतोय, ती लिहितेय. माझा हात जरा दुखतो. "हाताला काही धाड भरलेली नाही," असं ती म्हणतेय आणि तेही लिहून काढतेय. लिहू दे.

फोनवर का बोलत नाही म्हणशील, तर फोनवर मी जरा खोलात शिरलो की मिलानला तुझ्या भट्टीवर काहीतरी करपायला लागतं आणि तू फोन ठेवतोस. सात वर्षांत तू आमच्याशी हवापाण्याखेरीज काही बोललेला नाहीस. पत्र मध्येच मिटलंस, तरी निदान पुन्हा उघडशील.

आधी चांगली बातमी सांगतो. २७ मेला, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, बिशप आपल्या गावी येणार आहेत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मला चर्चचा गायक नेमणार आहेत. हस, पोटभर हस. लहानपणी आपल्या चर्चच्या गायनगुरूंनी, मुअल्लिम घत्तासनी, कान धरून ज्याला गाणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर काढलं होतं, तोच हा बिशाय. त्या दिवशी तू इथे हवास. हे पत्र एवढ्यासाठीच आहे. पण त्याआधी तुला काही सांगायला हवं, आणि ते ऐकल्यावर तू येशील की नाही याची मला खात्री नाही.

मुअल्लिम घत्तास गेले. दुःखसप्ताहातल्या बुधवारी सकाळी, अंथरुणात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. शेवटची दोन वर्षं मी रोज त्यांच्या ओसरीवर बसायचो. ते एक ओळ म्हणायचे, मी ती परत म्हणायचो, आणि ते कपाळावर हात मारायचे. "तेल न घातलेला रहाट आहेस तू," म्हणायचे. "पण रहाट कुरकुरला तरी पाणी वर येतं. पुन्हा म्हण."

मुअल्लिमांनी पन्नाशीला आलेल्या दगडफोड्याला शिष्य म्हणून कसं घेतलं, असा प्रश्न तुला पडलाच असेल. ते स्वतः तिसऱ्या वर्षी आंधळे झाले. त्यांचे गुरूही आंधळे, आणि त्या गुरूंचे गुरूही. सगळी गाणी एका अंधाराकडून दुसऱ्या अंधाराकडे आली, कागदावर कधी उतरलीच नाहीत. डोळस माणसाला ते शिष्य करायचेच नाहीत. म्हणायचे, त्याचं लक्ष दाराकडे असतं, कोण आलं कोण गेलं.

आता तुला कळलं असेल.

हो, अबादीर. डावा डोळाही गेला. मिन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की एका डोळ्याला मार बसला की कधीकधी दुसराही त्याच्या दुःखात सामील होतो. मी म्हटलं, भाऊच ते. डॉक्टर हसले नाहीत. दोन वर्षं तो विझत गेला, आणि २०१५च्या नाताळच्या उपासापासून मला खिडकी कुठे आहे एवढंसुद्धा कळत नाही. गेल्या उन्हाळ्यात तू चष्मा पाठवलास, आणि मी फोनवर सांगितलं की आता नदीपलीकडचे डोंगर लख्ख दिसतात. तो चष्मा मी नाकावर ठेवून बघितलासुद्धा. एस्तेर शेजारी उभी राहून रडत होती आणि मी तुला डोंगरांचं वर्णन ऐकवत होतो.

हे वाचून उठू नकोस, जागेवर बस. मी दुःखी नाही. पहिले चार महिने होतो, खोटं कशाला सांगू. भिंतीकडे तोंड करून पडायचो, आणि चर्चमधून अबूना प्रार्थना करायला आले की झोपेचं सोंग घ्यायचो. एक दिवस मुअल्लिम घत्तास काठी टेकत घरी आले आणि पायाने माझी चटई हलवून म्हणाले, "ऊठ. मी माझा शोक तिसऱ्या वर्षी आटोपला, तू पन्नाशीला आटोपता घे. आणि डोळे गेले म्हणजे कान आले असं समजू नकोस. कान कमवावे लागतात."

मग मी ते कमवायला लागलो. अबादीर, मी जन्मापासून चर्चमध्ये जातोय, वधस्तंभ लहानपणीच मनगटावर गोंदवून घेतलाय, उपास कधी चुकवला नाही. पण प्रार्थना म्हणजे काय हे मला या दोन वर्षांत कळलं. पूर्वी मी देवाकडे सामानाची यादी घेऊन जायचो. आता सकाळी उठतो, अजून कोंबडासुद्धा आरवलेला नसतो, आणि पहिली ओळ म्हणताच माझ्याजवळ कुणीतरी बसलंय हे मला कळतं. ते मी पाहिलेलं नाही, पण ते आहे. तुला राग येईल, तरी सांगतो. डोळे परत देतो आणि ही दोन वर्षं काढून घेतो असं कुणी म्हणालं, तर मी जरा विचार करायला वेळ मागेन.

आता झावळ्यांच्या रविवारची गोष्ट. त्या दिवशी चर्चमध्ये काय होतं ते तुला आठवतंच. आधी झावळ्यांचे क्रूस हलवत आनंदाच्या चालीतली गाणी, मग काळे पडदे, आणि मग सगळ्या गावाची एकत्र अंत्यविधीची प्रार्थना. पुढच्या आठवड्यात कुणी मेलं तर त्याच्यासाठी वेगळा विधी नाही, धूप नाही, तो आठवडा फक्त प्रभूच्या दुःखाचा. म्हणून जिवंतपणीच सगळ्यांनी आपापल्या अंत्यविधीला उभं राहायचं. तू लहानपणी आईचा पदर ओढून विचारायचास, "आपल्यातलं नक्की कोण मरणार आहे?" आणि आई तुला चिमटा काढायची.

मुअल्लिमांचा श्वास पुरत नव्हता, म्हणून या वर्षी सुरुवात मी करायची होती. ते पुढच्या बाकावर बसले होते. आनंदाची गाणी झोकात झाली. पडदे ओढल्याचा आवाज आला, अबूनांनी खूण म्हणून खोकून दाखवलं, आणि मी अंत्यविधीची पहिली ओळ उचलली ती आनंदाच्या चालीतच! जीभ त्याच लयीत अडकली होती. मागे कुणीतरी बाई "अरे देवा" म्हणाली. थांबावं की रेटावं कळेना. तेवढ्यात मुअल्लिमांची काठी जमिनीवर आपटली. वाटलं, मेलो. तर ते मोठ्याने म्हणाले, "ओळ पुरी कर, गाढवा! अर्ध्यात सोडतात का?" मी ओळ पुरी केली आणि दुसरीपासून दुःखाच्या चालीत आलो.

सोमवारी मी क्षमा मागायला गेलो, तर ते अंथरुणात हसत होते, खोकत होते, पुन्हा हसत होते. "साठ वर्षं मी लोकांच्या अंत्यविधीला रडकं गायलो," म्हणाले. "माझ्या वेळी कुणीतरी लग्नासारखं गायलं. मला चाललं." मी म्हटलं, मुअल्लिम, असं बोलू नका. ते म्हणाले, "मला कानाने ऐकता आलं, बिशाय. किती जणांना ऐकता येतं?"

बुधवारी ते गेले. दोन प्रार्थनांच्या मध्ये त्यांना चर्चमध्ये आणून ठेवलं, मग होडीने पलीकडच्या दफनभूमीत नेलं. धूप नाही, गाणं नाही. ज्या माणसाने साठ वर्षं गाव गाऊन पोचवलं, त्याच्यापाशी मी तोंड मिटून उभा होतो. त्याच्यासाठी जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं, आणि त्याने ते ऐकलं होतं. होडीत बसल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. अबादीरला जे सांगायचंय ते मी अजून सांगितलेलं नाही, आणि उद्या होडीत मी किंवा तो असलो तर ते कुणीच ऐकणार नाही.

शनिवारी मी अबूनांपुढे पापाची कबुली दिली. ते म्हणाले, "देवाने क्षमा केली. पण बिशपचा हात डोक्यावर घ्यायचा तर हे ज्याच्याशी केलंस त्याला सांग. मला सांगून तू सुटत नाहीस."

एस्तेरला अजून माहीत नाही. आता ती लिहिता लिहिताच ऐकेल. लिही, एस्तेर.

खाणीतला तो दिवस. मोठा उपास लागायच्या आधीचा शेवटचा मांस खायचा दिवस होता, आणि एस्तेरने बदक भरून ठेवलं होतं. करवत तुझ्या हातात होती, पण दगड ठोकून पाहणं माझं काम होतं. ठोकलं की चुनखडी बद्द वाजते, आणि आत गारगोटीची गाठ असली की आवाज कडक येतो. मग तो दगड सोडून द्यायचा, नाहीतर पातं गाठीला लागून चिपा उडतात. हे आपल्या बापाने आधी मला शिकवलं आणि मी तुला.

त्या सकाळी आवाज कडक आला होता.

मी ऐकला. दगड बदलायचा तर तास-दीड तास गेला असता आणि दुपारची होडी चुकली असती. मी तुला म्हटलं, "चालव." तू विचारलंस, "ठोकलास ना?" मी म्हटलं, "ठोकला, चालव." एका बदकासाठी, अबादीर.

मग चीप उडाली. तू मला पाठीवर घेऊन होडीपर्यंत पळालास, आणि सगळ्या वाटेत "मी केलं, मी केलं" म्हणत होतास. मी तुझ्या पाठीवर होतो, शुद्धीवर होतो, आणि काही बोललो नाही. इस्पितळात तू म्हणालास, "ज्या देवाने माझ्याच हाताने माझ्या भावाचा डोळा काढला त्याचं तोंड मी पुन्हा पाहणार नाही." तेव्हाही मी गप्प. लोक म्हणायचे, बिशायने भावाला क्षमा केली, केवढा देवमाणूस. मी मान खाली घालायचो, आणि त्याला ते नम्रता समजायचे. तू देश सोडलास, देव सोडलास, ते माझ्या खोट्यापायी. करवत तुझी, पण घाव माझा.

एस्तेरने पेन खाली ठेवलंय. ती उठून गेली, भांडी आपटली, परत आली. आत्ता म्हणाली, "सात वर्षं मी त्या पोराला शिव्या घातल्या. त्याच्या नावाने मेणबत्तीसुद्धा लावू दिली नाही कुणाला. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात?" मी हो म्हटलं. "एका बदकासाठी?" मी पुन्हा हो म्हटलं. ती म्हणाली, "आता मला लिहू द्या."

भावजी, मी एस्तेर. यांना काय बोलायचं ते मी घरात बोलेन, त्यासाठी कागद वाया घालवत नाही. तुमच्याविषयी मी गावभर जे बोलले ते विहिरीवरच्या बायकांना माहीत आहे. उद्या त्याच विहिरीवर जाऊन मी ते परत घेणार आहे, एकेका बाईचं नाव घेऊन. तुम्ही आलात तर तुमच्या पाया पडेन. नाही आलात तरी विहिरीवर जाणारच. हे गेली दोन वर्षं गातात ते मी ऐकते. ते सोंग नाही, एवढी साक्ष मी देते. खोटेपणा जुना आहे, गाणं खरं आहे. एकाच माणसात दोन्ही कसं मावतं ते देव जाणे.

अबादीर, मी पुन्हा बोलतोय. ती लिहितेय, पण अक्षर दाबून.

तू देवाशी पुन्हा बोल असं मी म्हणत नाही. तो हक्क मी गमावलाय. पण ज्या गोष्टीसाठी तू त्याच्यावर रुसलास ती त्याने केली नव्हती आणि तूही केली नव्हतीस. सात वर्षं वाहिलंस ते ओझं माझं आहे, ते मला परत दे. मी ते उचलू शकतो, हे मी तुला छातीठोकपणे सांगतो. दोन वर्षांपूर्वी सांगू शकलो नसतो. अंधार आला तेव्हा वाटलं होतं की आता मी संपलो. पण त्यात प्रभूने मला इतकं भरभरून दिलं, की आता तुझ्या रागाचीसुद्धा मला भीती वाटत नाही. तू शिव्या दे, ओरड, पुन्हा सात वर्षं बोलू नकोस. मी तुझ्यासाठी गात राहीन.

बिशपना मी निरोप पाठवलाय की माझ्या भावाचं उत्तर येईपर्यंत माझ्या डोक्यावर हात ठेवू नये. मेमध्ये नाही आलं तर पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. तोवर मी मागच्या बाकावरून गाईन. तू "नाही" लिहिलंस तर तेही उत्तरच, ते मी अबूनांना वाचून दाखवायला सांगेन.

इतकी वर्षं गावाने मला तुझा क्षमाशील भाऊ म्हटलं. ते नाव मी आज खोडतो. माझं खरं नाव खाली सही करून देतो.

तुझा अपराधी,
थोरला भाऊ
बिशाय