आंब्याच्या लग्नाची कॅसेट

सौंदड,
३ फेब्रुवारी २००२

चि. सोनूस बाबाचे अ. उ. आ.

काल सकाळी अंघोळ करून मी देवाजवळ पाट मांडला आणि तू नागपूरहून आपल्या गावच्या मुन्नालालच्या हाती पाठवलेला टेपरेकॉर्डर त्यावर ठेवला. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, हात जोडले. घरात नवी वस्तू आली की तिला आधी देवाची ओळख करून द्यावी, असे मला वाटते. तुझी आई म्हणाली की मशीन आहे, जावई नाही. तिच्याकडे लक्ष दिले नाही.

मग एक अभंग म्हणून भरून पाहिला. ऐकला तर नुसती खरखर, आणि माझा आवाज चिखलात पाय रुतल्यासारखा थांबत थांबत. तो दुकानदार तुला फसवून राहिला काय? बदलून घ्यावा लागेल आणि दिवस थोडे आहेत. तुझी सुमित्रा आत्या ऑपरेशनआधी माहेरी म्हणून इथे आली आहे. तिच्या गळ्यातली गाठ महाशिवरात्रीआधी गोंदियाला काढणार. डॉक्टर म्हणाले, जिवाची काळजी नको, पण आवाज असाच राहील हे सांगता येत नाही. आपल्या बायकांची लग्नातली गाणी, ज्यांत आपला तलाव कोणी खोदला, पाळीवर पहिली माती कोणी टाकली ते सारे आहे, ती आता तिच्या एकटीच्याच गळ्यात उरली आहेत. म्हणून जीव खालीवर होतो.

अभ्यास सोडून धावत येऊ नकोस. पत्र मात्र लवकर टाक.

तुझा,
बाबा


नागपूर,
७ फेब्रुवारी २००२

ती. बाबांस सोनूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचले आणि आमच्या खोलीतल्या मुलींनाही वाचून दाखवले. बाबा, खरे सांगा, पूजा करताना कॅसेटचे झाकण उघडे होते ना? आणि तुम्ही अक्षताही टाकल्या असतील. दुकानदाराचा दोष नाही. टॉर्च लावून आत बघा, तांदूळ सापडेल. चिमट्याने काढा, मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने ते चकचकीत हेड पुसा.

दुकानदार दोन कॅसेटचा, दिवे नाचणारा मोठा टेप गळ्यात मारत होता. म्हणत होता, बहनजी, शादी में रौनक आ जायेगी. मी म्हटले, आमची आत्या गाते, नाचत नाही. वेगळा माइक लावता येईल असा एका कॅसेटचा मागितला. आतल्या माइकमध्ये टेपच्या मोटारीची घरघर उतरते, म्हणून बाहेरचाच माइक लावा आणि मशीनपासून लांब धरा. लाइटचा भरवसा नाही, नवे सेल घाला. सेल उतरले असतील तर भरताना टेप हळू फिरते आणि नंतर नव्या सेलवर ऐकताना आत्याचा आवाज चिमणीसारखा येईल. कॅसेट साठ मिनिटांचीच वापरा, नव्वदची पट्टी पातळ असते, अडकते. आणि गाणी मनासारखी भरली की कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही.

आत्याला म्हणावे, तुझ्या भाचीने मुंडी हलवून हलवून दुकानदाराला दमवले.

आशीर्वाद पाठीशी ठेवा.
सोनू


सौंदड,
११ फेब्रुवारी २००२

चि. सोनूस अ. उ. आ.

तांदूळ सापडला. आपल्याच धानाच्या बांधीतला, कुंकवाने लाल झालेला. तुझी आई अजून हसून राहिली आहे. मशीन आता घड्याळासारखे चालते.

पण गाडी दुसरीकडेच अडली. बाई, तुझी आत्या, गायला तयार नाही. तिचे म्हणणे, लगन नाही, मांडव नाही, मंग लगनाचा गाना कायले म्हणू? मी का रेडिओ आहो का? मी म्हटले, चार ओळी तरी म्हण. ती म्हणाली की लग्न नसताना ही गाणी गायली तर घराला लागतात, आईने शपथ घातली होती. तिच्याशी वाद घालायला माझी जीभ रेटली नाही, कारण मलाही ते पटते. भावकीत या महिन्यात एकच लग्न, चुन्नीलालकडचे. तिथे बँड सांगितला आहे, बायकांना कोण विचारतो?

एक वाट दिसते, पण लाज आडवी येते. आपल्या शेतातल्या तळ्याच्या, त्या बोडीच्या पाळीवर मी लावलेला आंबा चार वर्षे फळून राहिला, आणि आपल्या घरच्या चालीप्रमाणे झाडाचे लग्न लावल्याशिवाय आपण फळ तोंडात घालत नाही. माकडांची मजा होते. मी ठरवले होते, आधी सोनूचे, मग आंब्याचे. आता आंब्याचे आधी लावले तर लोक म्हणतील, देवचंदची पोरगी बसली आणि झाडाला हळद लागली. तुझ्या नावाला कोणी बोलले तर मला सोसणार नाही. तुझे मन काय सांगते?

तब्येत सांभाळ.
बाबा


नागपूर,
१३ फेब्रुवारी २००२

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आंबा माझ्याहून लहान, पण त्याला घाई आहे आणि मला परीक्षा आहे. त्याचे आधी होऊ द्या. लोकांना सांगा, सोनूनेच मुहूर्त काढला. येत्या रविवारी वसंत पंचमी आहे, मोहोरही असेल. मागे हटू नका, बाबा.

आत्याला माझा नमस्कार सांगावा.
सोनू


सौंदड,
१९ फेब्रुवारी २००२

चि. सोनूस अ. उ. आ.

रविवारी लग्न लावले. आंबा नवरदेव, बोडी नवरी. खोडाला हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या, पाण्यात खणनारळ सोडला. माइक फांदीला टांगला, मशीन लांब घोंगडीवर ठेवले. अक्षता पडायच्या वेळी मी अख्खा त्याच्यावर ओणवा झालो. बकाराम भटजी म्हणाले की वराकडचा माणूस असा पालथा का पडला?

बाईने नवे लुगडे नेसले होते. आधी आवाज फुटेना. पाणी प्यायली, पाळीवर हात ठेवला आणि मग एकामागून एक गाणी अशी निघाली की आलेल्या बायका मागून ओळ झेलायचे विसरून ऐकतच राहिल्या. मधेच चुन्नीलाल मोठ्याने बोलला की पोरीच्या आधी झाडाचा नंबर लागला काऊन? बाईने गाणे न थांबवता पुढच्या ओळीत त्याचेच नाव गुंफले आणि त्याला बोडीत बुडवून काढले. बायका हसून हसून खाली बसल्या. तुझ्या आत्यासारखी बहीण मला मिळाली, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. आणि दुकानात मुंडी हलवणारी तू, तुझाही.

संध्याकाळी तिला ऐकवले. ती म्हणाली, देवा, ही मी नोहो, ही तर आई आहे. आता गोंदियाला जायला भीत नाही, म्हणते.

काल चुन्नीलाल आला. त्याचे बोलणे तेवढे काढून टाक, नाहीतर बाईकडून शांतपणे पुन्हा भरून घे, असे सांगत होता. मी रात्रभर विचार केला. एकदा लागलेले लग्न पुन्हा लावत नाहीत. त्याचे बोलणे आहे म्हणून तर बाईचे उत्तर आहे.

आज सकाळी देवाला दिवा लावला, खिळा घेतला आणि कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुट्ट्या मोडल्या.

आंबे उतरतील तेव्हा ये. या वर्षी खायचे आहेत.

तुझा,
बाबा